आईनं बसून काढलेला हिवाळा

पिकअपचा हॉर्न वाजला तेव्हा आई ओट्यावर बसून सुपात वरई पाखडत होती. दुसऱ्यांदा वाजला, तरी तिनं मान वर केली नाही.

बा आतून आला. खांद्यावर वाकळांचं गाठोडं, हातात तवा-पातेली भरलेली गोणी. त्याच्या मागं मी, दप्तरात दोन फ्रॉक कोंबून. भात झोडून घरात आलं की आम्ही दरवर्षी असेच निघायचो. घाट उतरून खाली, अण्णांच्या टोमॅटोच्या मळ्यावर. तिथं पाचटाच्या खोपीत राहायचं, दिवसभर टोमॅटो खुडायचे आणि होळीच्या तोंडाला वर यायचं.

“ऊठ की,” बा म्हणाला. “गाडी आली.”

“मी न्हाई येत औंदा.”

बाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “काय?”

“न्हाई येत म्हनलं.”

सूप तसंच खालीवर होत होतं. आमची उंबरदऱ्याची वाडी डोंगराच्या कुशीत. पिकअप येऊन थांबायची ती खाली वडाजवळ, आणि तिथून आमचं दार सरळ दिसायचं. गाडीत वाडीतली सात-आठ माणसं आधीच चढून बसली होती. सगळी आमच्याकडं बघत होती. शेवटी अण्णांचा माणूस सोपान स्वतःच चढण चढून वर आला.

“काय ठकूबाई, दुखतंखुपतंय का काय?”

“न्हाई.”

“मग चला की. अण्णांनी खास सांगून धाडलंय, ठकूबाईला आणल्याबिगर येऊ नको. तुमच्यावानी खुडा हाय का कुनाचा?”

“अण्णांना म्हनावं, ठकूबाई औंदा घरी बसलीय.”

“कशापायी?”

आईनं पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. “बसन्यापायी.”

खाली गाडीत हशा पिकला. सोपानही हसला. बा मात्र हसला नाही. त्यानं गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, “अगं, मानसं बघत्यात.”

“बघू द्या.”

“मग मी काय करू? येकला जाऊ?”

“जावा की. मी कुठं अडवलंय.”

माझ्या आईनं तोवर कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दुकानदाराला नाही, अण्णांना नाही, बाला तर नाहीच. मग बानं गोणी ओट्यावर ठेवली, गाठोड्यातली एक वाकळ तेवढी काढून घेतली आणि उतार उतरून गेला. गाडी धूळ उडवत वळणाआड गेली. मी दप्तर छातीशी धरून तशीच.

“आनि मी?”

“तू उद्यापासून शाळेत जा,” आई म्हणाली आणि परत सूप हातात घेतलं.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नाव झुंबर.

*

आईला ही हिंमत कुठून आली, ते वाडीला ठाऊक होतं. निदान वाडीला तसं वाटत होतं.

पावसाळ्यात एका संस्थेची माणसं आली होती. त्यांच्यातल्या विशाखाताईंनी शाळेच्या पडवीत सगळ्यांना बसवून सांगितलं, की वाडीतल्या प्रत्येक घरातल्या बाईच्या बँकेच्या खात्यात संस्था एकदाच पैसे टाकणार आहे. वर्षभराच्या मजुरीला भारी पडतील एवढे.

“कर्ज हाय का?” कुणीतरी विचारलं.

“नाही.”

“मग माघारी कधी द्यायचं?”

“परत द्यायचेच नाहीत.”

“मग कशाला लावायचं? शेळ्या? शिवणयंत्र?”

“तुम्हाला पाहिजे त्याला लावा. आम्ही विचारणार नाही.”

एवढं ऐकल्यावर मात्र सगळ्यांची खात्री पटली, की यात काहीतरी काळंबेरं आहे. शेजारची भागीकाकू तर उठूनच गेली. जाताना म्हणाली, “आमच्या जमिनीवर डोळा असंल. माझा अंगठा मी कुनाला द्यायची न्हाई.” पुढं दसऱ्याच्या आधी पैसे खरोखरच जमा झाले, तेव्हा बँकेच्या दारात रांगेत पहिली उभी होती तीही भागीकाकूच.

मग वाडीत रोज काहीतरी नवं यायला लागलं. भागीकाकूनं शेळ्या घेतल्या, कोंबड्या घेतल्या. वरच्या आळीत तीन घरांवर पत्रे चढले. एकानं जुनी मोटरसायकल आणली आणि तिसऱ्याच दिवशी ती ओढ्यात घातली. माणूस आणि मोटरसायकल दोघंही लंगडत वर आले.

आमच्याकडं काहीच आलं नाही. बाच्या डोक्यात पत्रे होते. आमचं छप्पर गवताचं, दर पावसाळ्यात चुलीवरच गळायचं.

“पत्रं टाकू,” बा म्हणायचा.

“टाकू की. पुढल्या साली.”

“म्हंजी औंदा काय करायचं?”

यावर आई उठून कामाला लागायची. बा तिच्यावर ओरडला नाही. पैसे तिच्या नावावर होते म्हणून नव्हे, त्याचा स्वभावच तसा होता. तो नुसता छपराकडं बघत बसायचा.

*

बा गेला त्याच्या चौथ्या दिवशी, उन्हं कलताना, वळणावर एक माणूस दिसला. खांद्यावर वाकळ. चाल ओळखू आली म्हणून मी पळत गेले.

“काय झालं?” आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“येकल्याला कोन ठेवतंय तिथं. जोडी लागती.” बानं तांब्या एका दमात रिकामा केला. “अण्णा म्हनला, बायको आन न्हाईतर जा.”

“बरं झालं,” आई म्हणाली. एवढंच. आणि त्याच्या वाटणीची नाचणीची भाकरी थापायला आत गेली.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात तिघांनाही सगळंच नवं होतं. पौषात आपल्या दारात ऊन कुठून येतं, हे बाला माहीतच नव्हतं. सकाळी तो ओट्याच्या या कोपऱ्यात बसायचा, सावली आली की त्या कोपऱ्यात सरकायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, “आसं हाय व्हय.” दोन-चार दिवसांनी त्याला ते बसणं सोसेना. त्यानं डोंगरावरून गवत कापून आणलं आणि छप्पर स्वतःच शाकारलं. मग वावराचे मोडलेले बांध घातले. रस्त्याचं सरकारी काम निघालं, तिथं जायला लागला. संध्याकाळी घरी यायचा. आमचा बा रोज संध्याकाळी घरी येतो, हे मी शाळेत दोघी-तिघींना मुद्दाम सांगितलं होतं.

शाळेतही गंमतच झाली. दरवर्षी भात निघाल्यावर मी जायचे आणि होळीनंतर यायचे, तोवर वर्ग कुठल्या कुठं गेलेला असायचा. गणिताच्या पुस्तकातली मधली पानं मी कधी बघितलीच नव्हती. त्या साली कळलं, की मला जे अवघड वाटायचं त्याची सुरुवात त्या मधल्या पानांत होती.

आणि आई बसली होती.

म्हणजे चूल, पाणी, सारवण हे होतंच. पण डोक्यावर लाकडाचा भारा नाही, दुसऱ्याच्या वावरात रोजंदारी नाही, दुपारी तर चक्क आडवी व्हायची. रोज एक अंडं खायची. गूळ-शेंगदाणे खायची. बाजारच्या दिवशी बाला खारीक आणायला लावायची. मलाही द्यायची, पण आधी स्वतः खायची. आपली आई आधी स्वतः खाते, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी नुसती बघत राहायचे.

अंडी भागीकाकूकडून यायची. पैसे रोखीनं घ्यायची काकू, आणि विहिरीवर जाऊन सांगायची, “ठकी खात सुटलीया. सगळ्यांनी काय ना काय केलं, हिनं नुसतं पोटात घातलं.”

ते आईच्या कानावर आलं. आई म्हणाली, “खरंच हाय की ते.”

*

संक्रांतीच्या सुमाराला मी आईच्या पाठीला तेल लावत होते. ती कुशीवर वळली आणि माझा हात तिच्या पोटावर पडला. आतून काहीतरी हललं. मी दचकून हात मागं घेतला.

“घाबरू नको,” आई म्हणाली. “ठेव हात.”

मी ठेवला. परत हललं.

“कधी?” मी विचारलं.

“चैतात.”

मला आठवलं, आणि तिलाही आठवलं असणार.

दोन वर्षांमागं, असाच हिवाळा होता, आम्ही अण्णांच्या मळ्यावर होतो. आईचे दिवस भरायला अवकाश होता. ती शेवटच्या दिवसापर्यंत खुडा करत होती, भरलेली क्रेटं उचलून बांधापर्यंत नेत होती. एका दुपारी ती सरीतच खाली बसली. अण्णांची गाडी माल घेऊन बाजाराला गेली होती. शेजारच्या खोपीतल्या बायांनी लुगड्याचा आडोसा केला, मला पाणी तापवायला लावलं. बहीण झाली. मुठीएवढी. रडली पण मांजराच्या पिल्लासारखी. दुसऱ्या दिवशी अण्णांनी डॉक्टर आणला. तो म्हणाला, अशक्त आहे, ऊब द्या. आम्ही देत होतो. खोपीत शेकोटी होती, वाकळा होत्या. पण पाचटातून वारा यायचा. चार दिवस ती होती. मग बानं तिला धडप्यात गुंडाळून बांधाच्या कडेला, जांभळीखाली पुरलं. आई त्यानंतर दुसऱ्याच दिवशी खुड्याला उभी राहिली.

घरी आल्यावर त्या चार दिवसांबद्दल कुणी काही बोललं नाही. पुढल्या साली आम्ही परत त्याच मळ्यावर गेलो. जांभळीच्या बाजूच्या सऱ्या बा आपल्याकडं घ्यायचा, आईला लांबच्या द्यायचा. तेवढंच.

आणि आता आई बसली होती.

त्याच आठवड्यात बाजारात भागीकाकूला सोपान भेटला. परत येऊन ती आमच्या ओट्यावर टेकली. बा घरी नव्हता.

“ठके, तुला म्हाईत हाय का, तुझ्या दादल्याला अण्णांनी हाकललं न्हाई.”

“मग?”

“सोपान्या सांगत व्हता. अण्णा म्हनला, रहा, येकला तर येकला. ह्यो पहिल्या दिशी सांजच्याला बांधावर जाऊन बसला. जांभळीपाशी. तिथंच बसून ऱ्हायला. दुसऱ्या दिशी तसंच, तिसऱ्या दिशी तसंच. मग सकाळी वाकळ उचलली आनि म्हनला, जातो अण्णा.”

भागीकाकूनं आईकडं बघितलं, मग तिच्या पोटाकडं. ती उठली, घरी गेली आणि परडीत अंडी घेऊन आली. आई कनवटीच्या गाठीला हात घालायला लागली, तर काकू खेकसली, “ऱ्हाऊ दे ते! लई पैसं झाल्यात का?”

बा संध्याकाळी आला. आईनं त्याला जांभळीचं काहीच विचारलं नाही. फक्त त्या दिवशी त्याच्या भाकरीवर तूप होतं.

*

खालच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात तपासायला गेलो, तेव्हा सिस्टरनं सांगितलं होतं, आधीचं लवकर झालंय, तेव्हा या खेपेला वाट बघू नका, आठ-दहा दिवस आधीच खाली येऊन राहा. उंबरदऱ्यात वेळेवर गाडी मिळणं कठीण. ऐकताना बाला ती चेष्टा वाटली. खाली येऊन राहायचं कुठं? आपलं कोण आहे तिथं?

“खोली घ्यायची,” आई म्हणाली. “उरल्यात तेवढं पैसं त्यासाठीच ठिवल्यात.”

बा बघतच राहिला. “तू तवाच ठरवलं व्हतं? पैसं आलं तवा?”

“त्याच्या आधी. ताई बोलत व्हती ना पडवीत, तवा.”

तेव्हा बाला कळलं, पत्रे का नाही आले ते.

सरकारी दवाखान्याच्या मागं तांबोळ्यांच्या हमीदाचाचींची एक खोली होती. परगावच्या पेशंटच्या माणसांना त्या ती भाड्यानं द्यायच्या. आम्ही तिघंही गेलो. शाळेत परीक्षा व्हायच्या होत्या, म्हणून दप्तर बरोबर. खोलीत एक लोखंडी पलंग, दाराशी नळ आणि वर पंखा. आई पंख्याखाली आडवी पडली आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. म्हणाली, “बंद कर गं. उगं फिरतोय बिचारा.” चाचींनी ऐकलं आणि हसत आत आल्या.

“फिरू दे बेटी. त्याला काय थकवा येतो?”

चाची रोज तिला काहीबाही करून आणायच्या. खिमट, शिरा, कधी नुसतं गरम दूध. बाला काम नव्हतं, तर तो चाचींच्या अंगणातली लाकडं फोडून द्यायचा. मी पलंगाच्या पायाशी बसून गणितं करायचे. आई म्हणायची, “मोठ्यानं कर.” तिला त्यातलं काही कळायचं नाही, पण मी मोठ्यानं करायचे.

एका सकाळी तिच्या कळा सुरू झाल्या. दवाखाना हाकेच्या अंतरावर. ती आमच्या दोघांमधून चालत गेली. वाटेत दोनदा थांबली, माझा खांदा घट्ट धरला, पुन्हा चालायला लागली. दुपारी आतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत. बा बाकावरून उठला आणि पुन्हा बसला.

त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या नव्या सिस्टर दारात आल्या. “मुलगा आहे. तीन किलोला जरासा कमी. छान आहे वजन.”

“छान म्हंजी?” बानं विचारलं.

“छान म्हणजे छान. काळजी करू नका, आत या.”

आई कॉटवर होती. केस कपाळाला चिकटलेले. बाळ तिच्या कुशीत, चेहरा लाललाल, मुठी आवळलेल्या. बा जवळ गेला पण हात लावायला धजेना. शेवटी एका बोटानं त्याच्या टाचेला शिवला.

सिस्टर दुसऱ्या बाजूला आईची नाडी बघत होत्या. त्यांनी सहज विचारलं, “हे दुसरं ना? ही मुलगी पहिली?”

“हां,” बा म्हणाला. कुणी विचारलं की तो असंच सांगायचा, एक मुलगी.

“न्हाई,” आई म्हणाली. “तिसरं. पहिली ही झुंबर. दुसरी सोनकी. ती चार दिसांची व्हऊन गेली.”

“बरं,” सिस्टर हळू म्हणाल्या, आईच्या कपाळावर हात ठेवला आणि पडदा ओढून बाहेर गेल्या.

सोनकी. भात पिवळं पडायला लागलं की आमच्या डोंगरावर पठारभर पिवळी फुलं येतात, तिचं ते नाव. हे नाव मी घरात कधीच ऐकलं नव्हतं. बानंही नव्हतं.

तो भिंतीकडं तोंड करून उभा होता. मग बाहेर गेला. खिडकीतून मला दिसलं, नळाखाली त्यानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, उपरण्यानं पुसलं. आत आला आणि कॉटशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला.

“नाव ठिवलं व्हतंस तिचं?”

“ठिवलं व्हतं.”

“मला न्हाई सांगितलंस.”

“कवा सांगनार?” आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “दुसऱ्या दिशी खुडा व्हता.”

बा खाली फरशीकडं बघत राहिला. मग म्हणाला, “मला तिचं तोंड नीट आठवत न्हाई, ठके. मी सांजच्याला यायचो तवर अंधार व्हायचा. शेकोटीच्या उजेडात काय दिसतंय. त्या दिशी पुरताना मी बघितलं न्हाई. कापड वर केलंच न्हाई मी.”

आईनं बाळाला माझ्या मांडीवर दिलं. मान कशी धरायची ते दाखवलं. मग ती बाच्या बाजूला कुशीवर वळली आणि एक हात उशीखाली घेतला.

“नाक तुमच्यावानी व्हतं,” ती म्हणाली. “पसरट.”

“खरं?”

“आनि कानापाशी इथं, बारीक तीळ.”

“कंच्या कानापाशी?”

“डाव्या.”

बानं मान हलवली, जणू जपून कुठंतरी ठेवून देत होता. “आनि डोळं?”

“डोळं तिनं येकदाच उघडलं. दुसऱ्या दिशी सकाळी. तुम्ही नुकतंच खुड्याला गेला व्हता…”

ती सांगत राहिली. मधेच थांबायची, आठवायची, पुन्हा सांगायची. बा विचारत होता, ती सांगत होती, एकदा तर दोघं हसलेसुद्धा. बाहेर हमीदाचाची डबा घेऊन आल्या होत्या. दारातून त्यांनी बघितलं आणि डबा तिथंच ठेवून आवाज न करता परत गेल्या. भाऊ माझ्या मांडीवर गाढ झोपला होता. माझ्या पायांना मुंग्या आल्या, तरी मी हलले नाही.

ऊन खिडकीतून कॉटवर आलं, मग फरशीवर उतरलं. ती दोघं बोलतच होती. त्या दिवशी आमच्यातल्या कुणालाच कुठं जायचं नव्हतं.